दांड्यावरचा वण

मी भागीरथाबाईची सायकल बोलतेय. पण आधी हात मागं घ्या. घंटी वाजवू नका, सीटवर थाप मारू नका, आणि अंगठा दाबून माझ्या चाकातली हवा तर बिलकूल पाहू नका. उभी सायकल दिसली की माणसाच्या हाताला खाज सुटते, हे मी आयुष्यभर पाहत आले. हवा पाहून तुम्ही काय भरून देणार आहात? नाही ना? मग लांबून ऐका.

मी काळी, उंच, मोठ्या चाकांची, मधे आडवा दांडा असलेली पुरुषी सायकल आहे. मला गिअर नाहीत. पुढं एक चकती, मागं एक चकती, मधे साखळी. संपलं. यात लपवण्यासारखं काही नाही. पण हे लोकांना पटत नाही. काहीतरी लपवलेलं असणारच असं त्यांना वाटतं, आणि त्यातूनच माझ्या दांड्यावर हा वण आला. पाहिलात? रंगाखालीसुद्धा दिसतो. तो कसा आला तेच सांगणार आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. काळा रंग आणि खाकी कागद, एवढंच. मग आदिलाबादच्या एका दुकानात मला आढ्याला टांगून ठेवलं होतं. तिथून खाली कापसाच्या गाड्यांची रांग दिसायची. तिथून मला एका गिरदावरानं नेलं. गिरदावर म्हणजे गावोगाव जाऊन शेताची आणि पिकाची तपासणी करणारा, तहसिलीतला माणूस. हा माणूस मला घरात घेतल्याशिवाय दार लावत नसे, आणि कुलूप लावल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून पाहत असे. संशय घ्यायला मी त्याच्याकडूनच शिकले असेन. लोक म्हणायचे, गिरदावराजवळ लय माल आहे, ठेवते कुठं ते मात्र कोणाला माहीत नाही. तो वारल्यावर त्याचं घर विकलं. घेणाऱ्यानं भिंती खणल्या, चूल उकरली. काही निघालं नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

गिरदावराच्या घरून मला चंपतरावानं घेतलं. चंपतराव कासार, गाव गुडीहत्नूरच्या अलीकडं, हायवेपासून आत. घरी बांगड्यांचा धंदा आणि जोडीला कापसाचं थोडं वावर. तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं आणि तो मला रोज खोबऱ्याच्या तेलानं पुसायचा. उरलेलं तेल स्वतःच्या केसांना. त्याचं लग्न झालं, भागीरथा घरात आली, पोरं झाली, मोठी होऊन हैदराबादेला गेली, आणि एक दिवस दारात मोटारसायकल उभी राहिली. त्या दिवशी मी गोठ्यात गेले.

गोठ्यात कोंबड्या माझ्या हँडलवर बसायच्या. खाली काय पडायचं ते सांगत नाही. एक कुंभारीण माशी ओल्या मातीचे गोळे तोंडात धरून माझ्या सीटखालच्या नळीत ये-जा करायची. मी तिच्याकडंही संशयानंच पाहिलं, पण माशीला कोण विचारणार?

भागीरथा त्या दिवसांत बांगड्यांची पेटी घेऊन ऑटोनं खालच्या गावांना जायची. ऑटोत माणसं कोंबलेली, रस्त्यात खड्डे. घरून भरून निघालेली पेटी पोचेपर्यंत अर्धी वाढलेली असायची. बांगडी फुटली असं आमच्याकडं तोंडानं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. एक दिवस ती ऑटोवाल्याला म्हणाली, "अरे, हळू हाक ना. मागं काच आहे, कापूस नाई."

"काच असन तर डोक्यावर घेऊन चाल ना मंग, मावशी."

भागीरथा तिथंच उतरली. पेटी खरंच डोक्यावर घेतली, घरापर्यंत चालत आली, आणि आली ती थेट गोठ्यात. कोंबड्यांना एक सणसणीत शिवी दिली आणि मला बाहेर ओढलं.

चंपतराव म्हणाला, "अवं, या वयात सायकल शिकते का? लोक हासतीन."

"हासू द्या. त्यांचे दात पाहून घेईन मी कोणाचे किती पडले ते."

ती शाळेच्या मैदानात शिकली. पाचवारी साडी साखळीत अडकायची, म्हणून आईचं जुनं लुगडं काढलं आणि काष्टा घालून बसायला लागली. पडली, गुडघे फोडून घेतले, मला लाथ मारली, पुन्हा बसली. लोक खरंच हसले. नंतर त्यांच्याच बाया तिच्याकडून बांगड्या भरून घ्यायला लागल्या, तेव्हा हसायचे थांबले. बायको बांगड्या भरत असताना दारात उभं राहून कासारणीला हसायची हिंमत आमच्या भागात कोणा नवऱ्यात नाही.

आता माझ्या खऱ्या गुणाचं सांगते.

एके सकाळी पायडल नुसतंच गरगर फिरायला लागलं आणि चाक जागच्या जागी. भागीरथानं मला ढकलत हायवेवर बाबारावच्या टपरीत नेलं. बाबाराव आमचा मिस्त्री. सायकल, मोटारसायकल, फवारणीचा पंप, पंखा, जे येईल ते खोलतो.

"वहिनी, फ्रीव्हीलचे कुत्रे मेले," तो म्हणाला. कुत्रे म्हणजे मागच्या चकतीच्या पोटातले लहान दात. पाय चालले की ते चाकाला धरतात, पाय थांबले की सोडून देतात. म्हणून तर सायकलवाला उतारावर पाय न हलवता आरामात जातो.

"नवं टाक."

"नवं आदिलाबादहून आणावं लागन. बाजाराच्या दिवशी."

"मले आज खालच्या गावात जाणं आहे. लगनघर आहे."

बाबारावानं डोकं खाजवलं, वेल्डिंगची मशीन लावली आणि मागची चकती सरळ चाकाच्या मधल्या हबलाच डागून टाकली. "आजच्यापुरतं चालवा. पण ध्यान ठेवा, वहिनी. आता पाय थांबवता येणार नाई. चाक फिरन तोवर पायडल फिरन."

मला वाटलं, झालं, या माणसानं मला आयुष्यातून उठवलं.

पहिल्या उतारावर भागीरथा अशी ओरडली की कडुनिंबावरचे कावळे उडाले. पण खाली पोचलो आणि तिनं पेटी उघडली, तर एक बांगडी वाढलेली नाही. ती पेटीकडं पाहत उभी राहिली, मग माझ्याकडं.

कारण सांगते. आधी उतारावर मी मोकाट सुटायची. मग ती ब्रेक दाबायची, मग हिसका, मग पेटीत खळ्ळ. आता तिचे पायच मला मागं ओढून धरत होते. भरलेली गाडी उतारावर आली की बैल जसे मान घालून तिला रोखतात, तशी ती मला पायानं रोखी. हिसका नाही, आदळणं नाही. हळू म्हटलं की हळू, थांब म्हटलं की थांब. पावसाळ्यात काळी माती ब्रेकमधे बसते आणि चाक जाम होतं, पण ब्रेकवर जिचा भरवसाच नाही तिला काय फरक? मोडायला जास्त काही नाही, हरवायला काही नाही. रस्त्यावर रेती आहे की चिखल, ते डोळ्याआधी भागीरथाच्या तळपायाला कळायला लागलं. चढावर मात्र दम काढते मी, खोटं कशाला बोलू? जोराचा चढ आला की ती उतरून ढकलते. चढावर तर सगळेच ढकलतात. उतारावर कोण कसं येतं ते पाहावं.

नवं फ्रीव्हील आणायचं राहून गेलं. राहून गेलं नाही, भागीरथानं राहू दिलं.

आणखी एक फायदा झाला. मला कोणी मागेना. उतार आला की पाय सोडून द्यायचे ही माणसाची सवय आहे. माझ्यावर पाय सोडले की पायडल खालून फटका मारतं आणि बसणारा बाजूला. चंपतराव असाच सासुरवाडीच्या पाहुण्यांसमोर ऐटीत निघाला आणि सरळ उकिरड्यात गेला. भागीरथाच्या भावानं त्याला उचलताना विचारलं, "भाऊजी, मोटारसायकल याच्यातच ठेवता का?" तेव्हापासून मला कुलूप लावायची गरज पडली नाही.

एक गोष्ट मात्र मी मनात ठेवून होते. खडबडीत रस्त्यावर माझ्या पोटात काहीतरी वाजायचं. टिक, टिक. काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. मला गिरदावराचं ते कुलूप ओढून पाहणं आठवायचं, आणि मी गुमान चालत राहायची.

या उन्हाळ्यात तो पोरगा आला.

भागीरथा बाबारावच्या टपरीवर माझ्या साखळीला तेल टाकून घेत होती. हायवेवरून डोक्यावर टोपरं घातलेला, अंगाला चिकटलेली आखूड चड्डी चढवलेला एक जण आपली सायकल ढकलत आला. सायकल झगझगीत, बारीक चाकांची, मागं चकत्यांची उतरंड. तिच्या गिअरची दांडी वाकून तारांत घुसली होती. नाव कुलदीप, हैदराबादेत कंप्यूटरच्या कामाला, नागपूरहून परत निघाला होता. आई आदिलाबादची, त्यामुळं मराठी बोलत होता.

बाबारावानं त्याची सायकल पाहिली आणि मान हलवली. "हे सामान इथं नाई भेटत. आदिलाबादेत विचारतो, उद्या सांगतो."

पोराचं लक्षच नव्हतं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला होता. माझ्या मागच्या चकतीकडं, मग साखळीकडं, मग खालून पोटाकडं पाहत होता. गिरदावरसुद्धा लोकांच्या वावराकडं असं पाहत नसे.

"मावशी, ही तुमची?"

"मंग काय तुही?"

"फिक्स्ड आहे ना ही? पाय थांबले की चाक थांबतं?"

"तुले कायले पाह्यजे?"

तो हसला. मग जे बोलला ते ऐकून बाबारावच्या हातातला पाना खाली पडला. "मावशी, ही मला देता का? बदल्यात माझी घ्या. यांनी दुरुस्त केली की ती तुमची."

भागीरथानं माझं हँडल गच्च धरलं. "नवी देऊन जुनी कोण मागते रे? खरं सांग."

"आवडली म्हणून."

"आवडली म्हणून लोक बायको करते. गंजकी सायकल नाई नेत."

तरी तो हटला नाही. उद्यापर्यंत विचार करा म्हणाला, आणि जाता जाता खिशातून फोन काढून माझा फोटो घेतला. आधी पूर्ण अंगाचा, मग जवळून फक्त चकतीचा. मला तेव्हाच कसंतरी झालं. चकतीचा फोटो घेऊन माणूस करतो काय?

भागीरथानं घरी येऊन चंपतरावाला सांगितलं. तो शेंगा सोलत बसला होता. सोलायचा थांबला.

"नवी देऊन हे मागते?"

"हो."

"खालून पाह्यलं त्यानं?"

"बसून पाह्यलं. पोटाकडं."

चंपतराव उठला. "अवं, ही सायकल कोणाची होती? गिरदावराची! भिंतीत नाई निघालं, चुलीत नाई निघालं. मंग कुठं असन?"

"चला, कायबी बोलता."

"त्या पोराले कोणीतरी सांगितलं असन. फोनमधे आजकाल सगळं दिसते." त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि गदागदा हलवलं.

टिक, टिक.

अंगणातली कोंबडीसुद्धा मान वर करून पाहायला लागली. मग भागीरथा वाकली आणि तिनं माझ्या दांड्याला कान लावला.

हे मी विसरणार नाही. चंपतरावाचं मला काही वाटलं नाही, तो मला सोडून मोटारसायकलकडं गेलेलाच माणूस होता. पण या बाईनं मला कोंबड्यांखालून काढलं, माझ्यासाठी काष्टा घातला, गुडघे फोडून घेतले, आणि तीच माझ्या अंगाला कान लावून उभी होती. डोळे बारीक करून.

"हलवा बरं अजून," ती म्हणाली.

टिक.

"कापा," भागीरथा म्हणाली. "पण हळू. मंग जोडता आली पाह्यजे."

चंपतरावानं लोखंड कापायची आरी आणली. पहिल्या ओढीला रंग उडाला, मग लोखंडाचा भुसा पडायला लागला. मी ओरडले असते. पण मला आवाज आहे तो घंटीचा, आणि तीही दुसऱ्यानं वाजवली तर वाजते. मला वाटत होतं, कापाच. मलाही पाहू द्या एकदा, मी इतकी वर्षं काय वाहत होते ते. असाही विचार आला, आत खरंच सोनं निघालं तर? मग मी सायकल राहणार नाही. मग मी फक्त सोन्यावरचं टरफल.

दांडा थोडा कापला गेला आणि भागीरथानं नवऱ्याचं मनगट धरलं. "थांबा. आवाज दांड्यात नाई, खाली आहे. आधी सीट काढून उलटी करू."

त्यांनी सीट काढली, मला डोक्यावर उभं केलं आणि ठोकलं. आधी कोंबडीचं एक पीस पडलं. मग वाळलेल्या मातीचा गोळा. चंपतरावानं तो घाईघाईनं पाट्यावर फोडला, तर आत वाळून कोरडेठाक झालेले बारीक कोळी. कुंभारीण माशीनं आपल्या पिल्लांसाठी ठेवलेली शिदोरी. आणि सगळ्यात शेवटी पायडलच्या बेअरिंगमधून कधीतरी निसटलेला लोखंडी छर्रा, गरगरत येऊन चंपतरावाच्या पायाशी थांबला.

भागीरथानं छर्रा उचलून नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. "घ्या. गिरदावराची इस्टेट. पोरांत वाटून देजा."

चंपतराव हसला नाही. छर्रा फिरवत म्हणाला, "मंग तो पोरगा काऊन मागते?"

हा प्रश्न सोन्याहून वाईट निघाला. सोनं असतं तर सगळं समजलं असतं. आत काही नाही, तरी तो नवी सायकल देऊन मला नेतोय, म्हणजे नक्की काय? भागीरथा जेवतानाही दारातून माझ्याकडंच पाहत होती. चंपतराव मात्र पलटला. आत काही नाही तर देऊन टाक म्हणाला, नवी येते, गिअरची येते, तू चढावर ढकलते ते तरी सुटन.

सकाळी भागीरथा खालच्या गावी निघाली. तिथं नीलिमा नावाच्या पोरीचं लग्न होतं, हिरवा चुडा तिच्याच हातानं भरायचा होता. जाताना टपरीवर थांबली. कुलदीप चहा पीत बसला होता. त्याचं सामान आदिलाबादेतही मिळालं नव्हतं.

"हे पाह्य, पोरा," भागीरथा म्हणाली, "आमी हिच्या पोटात हात घालून पाह्यलं. काई नाई. आता सांग, तुले काऊन पाह्यजे?"

त्यानं माझा दांडा पाहिला. कापलेला भाग पाहून त्याचं तोंड उतरलं. "मावशी! हे काय केलं?"

"ते सोड. सांग."

"अहो, हैदराबादेत लोक मुद्दाम गिअर काढून टाकतात. अशी सायकल बनवून घेतात."

"गिअर काढतात?"

"हो. नेमानं तेल टाकलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. वजनाला हलकी. आणि पाय आणि चाक एकच होतं ना, मग आपण सायकल चालवतो असं वाटतच नाही. आपणच चालतो असं वाटतं. तुम्हाला नाही वाटत?"

भागीरथानं माझ्या हँडलवर हात ठेवला. कारण तिला वाटत होतं. मला माहीत आहे, तिचे पाय माझ्यावर असतात. पण ते दुसऱ्याच्या तोंडून, तेही चिकटलेल्या चड्डीतल्या पोराच्या तोंडून ऐकलं की संशय वाढतो.

"काढायचेच होते तर आधी गिअर घेतले कायले?"

"चूक झाली," तो म्हणाला आणि आपल्या मोडक्या सायकलकडं पाहून हसला.

चंपतराव मागून मोटारसायकलवर आलाच होता. "देऊन टाक ना वं. एवढं बोलून राह्यला."

भागीरथानं मान तिरकी केली. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखलं. सगळे पडले, हाही पडणार. पडला की आपोआप तोंड बंद, याचंही आणि नवऱ्याचंही.

"ऐक," ती म्हणाली. "हे पेटी मागं बांधते. बांगड्या आहेत. समोरचा उतार उतरून मोरीच्या पुलापाशी ये. मी तिथं उभी राहते. एकबी बांगडी नाई वाढली, तर सायकल तुही. वाढली, तर पुन्हा नाव काढायचं नाई."

तो लगेच हो म्हणाला. मी मनात भागीरथाला जे बोलले ते इथं सांगता येणार नाही. मला पणाला लावायला मी काय पत्त्यातलं पान आहे?

तिनं पेटी ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधली. पण आधी हिरवा चुडा बाहेर काढून स्वतःच्या पिशवीत घेतला. पेटीत रोजच्या, रंगीबेरंगी बांगड्या ठेवल्या. पैज लावली तरी भागीरथा भागीरथाच. मग चंपतरावाच्या मागं बसून ती खाली मोरीवर गेली.

कुलदीप माझ्यावर बसला. पाय ठेवताच मला कळलं की हा पडणार नाही.

त्याचे पाय थांबत नव्हते. उतार आला तरी थांबले नाहीत. त्यानं मला रोखलं, सोडलं, पुन्हा रोखलं, जसं भागीरथा करते, पण अंगात वीस वर्षं कमी. अर्ध्या उतारापर्यंत पेटीत एक टिणकारा झाला नाही. मी घाबरले. आता मी जाणार. हैदराबादेत कुठल्यातरी भिंतीला टांगली जाणार, खाली कापसाच्या गाड्यासुद्धा नसणार.

आणि मग त्यानं मला सोडलं.

कोणाला सांगू नका, पण मलाही ते आवडलं. आयुष्यात मला कोणी असं पळवलं नव्हतं. पायडल एवढं फिरत होतं की तारा दिसेनात. पळसाची झाडं मागं पडत होती, वारा नळ्यांतून शिट्टी मारत होता, आणि पोरगा मोठ्यानं हसत होता. त्या वेळी त्याला बांगड्या आठवत नव्हत्या. मलाही नाही. मोरीपाशी मुरूम पसरला आहे. तिथं त्यानं दोन्ही पाय एकदम आवळले. मागचं चाक जागेवर थांबलं आणि घसरत, खर्रर्र करून आडवं झालं. धुळीचा लोट उठला आणि मी भागीरथाच्या पायापासून हातभर अंतरावर उभी राहिले. पडलो नाही. रेषभर चुकलो नाही.

चंपतरावाच्या तोंडून "वा रे!" निघून गेलं.

पेटीत मात्र खळ्ळ झालं होतं, आणि उचकटलेल्या झाकणातून काचा मुरमात उडाल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं.

भागीरथानं पट्टी सोडली, झाकण उघडलं. लाल, निळे, पिवळे तुकडे. दोऱ्यांत ओवलेल्या वरच्या बांगड्या जवळजवळ सगळ्या गेलेल्या. ती शांतपणे म्हणाली, "वाढल्या."

कुलदीपनं टोपरं काढलं. "सॉरी, मावशी. खाली येताना मजा आली, विसरलो. मी भरून देतो."

"देशीन. पण आधी काचा वेच. इथून बाया अनवाणी पाण्याले जाते."

आणि तो पोरगा उन्हात मोरीवर बसून मुरमातून काचेचे तुकडे वेचू लागला. भागीरथा वर उभी. "तो पाह्य, निळा. तिकडं. दगडाखाली." चंपतराव पण शेवटी खाली बसला. वेचता वेचता कुलदीप म्हणाला, "तुम्ही रोज या उतारावरून काच नेता?"

"रोज."

"आणि फुटत नाही?"

"मले मजा नाई येत ना," भागीरथा म्हणाली. मग दुसरीकडं पाहत, "येते. पण मी विसरत नाई."

ती वेळेवर लग्नघरी पोचली. नीलिमाच्या हातात हिरवा चुडा भरला, एकही न वाढता. मी बाहेर मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते आणि लग्नाची पोरं येऊन माझी घंटी वाजवत होती. सवय, दुसरं काय.

कुलदीपच्या सायकलची वाकडी दांडी बाबारावानं काढून फेकली, साखळी तोडून आखूड केली, आणि मागच्या एकाच चकतीवर चढवून दिली. गिअरची सायकल बिनगिअरची झाली. तो त्याच दिवशी तसाच हायवेनं हैदराबादेकडं निघाला. जाताना भागीरथाला म्हणाला, "मावशी, पटलं का आता?"

"तू चोर नाईस, एवढं पटलं," ती म्हणाली.

मला तेवढंही पटलेलं नाही. तो फोटो अजून त्याच्या फोनमधे आहे.

माझ्या दांड्याला बाबारावानं वेल्डिंगचे ठिपके मारले, वर काळा रंग दिला. दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर भागीरथानं मला हळदकुंकू लावलं, ते नेमकं या वणावर. ही बाई माफी मागणाऱ्यातली नाही आणि मी माफ करणाऱ्यातली नाही, म्हणून आमचं जमतं.

पण रोज सकाळी एक होतं. उताराच्या तोंडाशी आम्ही थांबतो. ती पेटीची पट्टी ओढून पाहते, काष्टा खोचते, आणि निघायच्या आधी या वणावरून एकदा अंगठा फिरवते. चुकलं म्हणून फिरवते, की आत अजून काही राहिलं असेल म्हणून चाचपते, ते मला आजवर कळलेलं नाही. विचारायला तोंड नाही, आणि घंटी दुसऱ्याच्या हातात.

म्हणून तुम्हालाही सांगते. तुमच्या घरी गोठ्यात, जिन्याखाली, माळ्यावर माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला उलटी करून हलवून पाहू नका. तेल टाका, हवा भरा आणि बसा. जे आहे ते चालवल्यावरच कळतं. आणि उतारावर पाय सोडू नका.

चला, आली ती. सरका बाजूला. आणि घंटीवरचा हात काढा, मी पाहते आहे.